पेपराच्या कडेवरचा पत्ता

प्रिय जब्बारमामा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. लिहायचं कारणच काय होतं? बावीस वर्षं तुम्ही आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारातल्या स्टुलावर आणि मी आत टेबलाशी. मध्ये फार तर सात पावलं. हाक मारली की तुम्ही आत यायचात. आता हाक मारून काय उपयोग, म्हणून कागद घेतला आहे.

आणि नेमका आजच का घेतला? कारण तुमचा कंदील मला सापडला, मामा! काल सापडला. उद्या सकाळी शाळेची पोरं घेऊन मी त्या माळावर चालले आहे. त्याआधी तुम्हाला सांगितलं नाही, तर मला घास गोड लागायचा नाही.

सगळं सांगते. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आधी थोडं भांडणार.

मागच्या मंगळवारी तुमची नसरीन विभागात आली. आता उदगीरच्याच उर्दू शाळेत शिकवते, चष्मा लागलाय, चालणं अगदी तुमचं. रिक्षातून एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली आणि म्हणाली, "मॅडम, अब्बांच्या पलंगाखाली होती. आत निस्ता पाला हाय. अम्मी म्हनली, पाला हाय म्हंजे मॅडमचाच आसंल."

पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास भपकन् तोंडावर आला. आत तुमच्या त्या उर्दू पेपरांच्या घड्या, आणि प्रत्येक घडीत एक वाळकी फांदी. मी एकेक उलटत गेले आणि माझे कान गरम व्हायला लागले. हे सगळे माझे नापास केलेले नमुने होते! "मामा, याला फळ नाही, टाकून द्या." "मामा, पान फाटलंय, टाका." आणि तुम्ही मान डोलवून म्हणायचात, "हाव मॅडम." बावीस वर्षं माझ्या तोंडावर हाव म्हणत राहिलात आणि एक काडी टाकली नाहीत! असं करतात का?

मग नसरीननं एक घडी उजेडाकडं धरली आणि थबकली. "मॅडम, हे अब्बांचं अक्षर हाय."

पेपराच्या कडेला, छापलेल्या मजकुराबाहेरच्या कोऱ्या पट्टीत, निळ्या पेनानं बारीक उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. प्रत्येक घडीवर होतं. इतकी वर्षं ते माझ्या नजरेखालून जात होतं आणि मला वाटायचं, पेपरवाल्याचाच काही हिशोब असेल.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"एरंडीच्या मळ्यामागं, विहिरीच्या काठी," नसरीन वाचायला लागली. "सखूबाई म्हनली, जनावराच्या पायाला बांधतेत. पोरांना दाखवताना पान चुरगळून हुंगवायचं."

मी खुर्ची ओढून बसले. मामा, ते सगळं होतं त्यात. झाड कुठं मिळालं, नाव कुणी सांगितलं, कशाला वापरतात, पोरांपुढं कसं काढायचं. मी वर्गात पोरांना दरवर्षी घोकून घेते की नमुना गोळा केला की तिथल्या तिथं नोंद करायची, नोंदीशिवाय नमुना म्हणजे गवत. कॉलेजकडून त्यासाठी जाडजूड नोंदवही मिळते. ती माझ्या नावावर मिळायची आणि माझ्या कपाटात कोरी राहायची. झाडं आणायचात तुम्ही. तुम्हाला वही द्यावी हे मला एकदाही सुचलं नाही. मराठी तुम्ही फडाफडा वाचायचात, पण लिहायला हात उर्दूतच चालायचा. मग तुम्ही पेपराच्या कडेची वही केलीत.

आणि मी त्या वह्या रद्दीत घातल्या.

तो दिवस आठवतो का हो? मला आठवतो, आणि नको तितका आठवतो. कॉलेजला समिती येणार होती. कपाटातल्या सगळ्या वाळल्या झाडांना चार दिवसांत जाड कागदावर चिकटवून लेबलं लावायची होती. लेबलावर रकाने असतात: शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, आणि सगळ्यात खाली संकलक, म्हणजे झाड कुणी गोळा केलं. मी घाईघाईनं लिहीत सुटले. ठिकाण आठवेना तिथं 'लातूर जिल्हा' लिहिलं. संकलकाच्या रकान्यात दर वेळी माझं नाव लिहिलं. रिवाजच तसा होता, विभागाची बाई तीच संकलक.

ती लेबलं तुम्ही डिंकानं चिकटवत होता. मराठी वाचता येणारा माणूस! एकेक वाचत असाल. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "मॅडम, लेबल सरळ बसलंय का बगा." आणि संध्याकाळी रिकाम्या पेपरांचा ढीग दाखवून म्हणालात, "हे पेपर ठिवायचे काय?" मी म्हटलं, "कशाला? बांधून टाका रद्दीत."

तेव्हा तोंड का नाही उघडलंत? एकदा तरी म्हणायचं होतं, मॅडम, ह्यात लिहिलंय! मी ओरडले असते थोडी, मग वाचून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं का? आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तुम्ही गेलात त्या थंडीत मी नांदेडला परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते. परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. तुमच्या घरी गेले, तुमच्या बायकोच्या शेजारी बसले, चहा घेतला आणि परत आले. विभागात शिरताना स्टुलाकडं बघून सवयीनं म्हटलं, "मामा, किल्ली." त्या दिवसापासून ते स्टूल मी कुणाला हलवू दिलेलं नाही.

मामा, मला तुमच्याबरोबर शाळांत झाडं दाखवायला जायचं आहे. पुन्हा. अगदी तसंच. एसटीच्या मागच्या सीटवर शाळेत न्यायची ती मोठी पेटी आडवी टाकून, तुमच्या मांडीवर डब्याची पिशवी आणि कंडक्टर विचारणार, "चाचा, आज काय जादूचे प्रयोग?"

पहिल्या पहिल्यांदा किती फजिती व्हायची माझी! शिरूर अनंतपाळकडच्या त्या माळाकाठच्या शाळेत मी सुरू केलं, "मुलांनो, ही वनस्पती अमुक कुळातली..." आणि पोरांचे डोळे खिडकीबाहेर शिजणाऱ्या खिचडीवर. मागून तुम्ही हळूच म्हणालात, "मॅडम, मी एक इचारू का पोरास्नी?" पेटीतून पाथरी काढलीत, वर धरलीत. "ह्याची भाजी कुनाकुनाच्या घरी हुती? हात वर!" अर्धा वर्ग उभा राहिला. कुणाची आजी करते, कुणाची आई लसूण घालून करते. गलका थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "आता मॅडम सांगतेत, ही पाथरी कुनाची भैन हाय ते." मग मला सांगावंच लागलं की ती करडईची बहीण, सूर्यफुलाची बहीण, आणि ते कशावरून ओळखायचं. खिचडी गार झाली तरी कुणी उठेना.

त्या दिवसापासून आपली वाटणीच ठरली. कोण खातं, कुठं उगवतं, वास कसा, हे तुमचं. नातंगोतं माझं. "आदी हुंगा, मग नाव इचारा," हा तुमचा नियम मी अजून पोरांना सांगते, आणि माझाच असल्यासारखा सांगते. तेवढी चोरी पोटात घाला.

त्याच शाळेत तुम्ही कंदील काढला होता. कंदीलपुष्पाची एक वाळलेली फांदी, जेमतेम बोटाच्या पेराएवढं चपटं फूल. मी गोष्ट सांगितली. बुडाशी फुगीर, वर नळी, टोकाला पाकळ्या जुळून केलेली जाळी. वासानं माशी आत शिरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळं तिला वर येता येत नाही. पण फूल तिला खात नाही! फक्त ठेवून घेतं. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी पराग घेऊन सुटते, पुढच्या फुलाकडं जाते.

पुढच्या ओळीतली ती दोन वेण्यांची पोरगी आठवते? फुलाला नाक लावून म्हणाली, "मग ह्यातली माशी कुठंय?"

"सुटली की!" तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. ती हसली नाही.

"मला जित्ता कंदील बगायचाय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तिला म्हणालात, "भादव्यात मॅडम दावतील." आणि मी मान डोलावली. एवढंच केलं मी, मान डोलावली. ती मान आजपर्यंत दुखते आहे.

भादवा आला की तुम्ही दारात उभे. "मॅडम, फूल आलंय. आठ-धा दिसच ऱ्हातंय बगा. चला." पहिल्या वर्षी ती समिती होती. दुसऱ्या वर्षी परीक्षा. तिसऱ्या वर्षी काय होतं, ते आता आठवतही नाही. तुम्ही एक फांदी माझ्या टेबलावर ठेवायचात, मी म्हणायचे, "एक आहे ना कपाटात? ही टाका." तुम्ही म्हणायचात, "हाव." एकटे पोरांना दाखवून आला असतात तर काय बिघडलं असतं? विचारलं होतं मी एकदा. तुम्ही म्हणालात, "झाड मी दावीन मॅडम, पन माशी का सुटती ते तुमीच सांगायचं." आणि जागा विचारली तर, "ते सांगून समजत न्हाई, दावावं लागतंय."

मग तुम्ही निवृत्त झालात. मग गेलात. या पावसाळ्यात मला उपरती झाली. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तो माझ्यासाठीच. कपाटातलं कंदिलाचं लेबल काढलं, जागा बघायला. तिथं माझ्याच वळणदार अक्षरात होतं, 'ठिकाण : लातूर जिल्हा, माळरान.' माळरान! जिल्ह्यात दुसरं आहे काय? चार रविवार मी काठी घेऊन माळ तुडवले. गुडघे गेले, कंदील मिळाला नाही. आणि पत्ता इकडं तुमच्या पलंगाखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्या पेटीत कंदिलाच्या तीन घड्या निघाल्या. तीन भादव्यांच्या. नसरीन वाचत होती, मी लिहून घेत होते.

पहिलीवर जागा होती. "शिरूरच्या वाटेला, दुसऱ्या नाल्यापुढं माळ चढायचा. एकट्या हिवराच्या झाडापासून मावळतीला चाळीस पावलं. निवडुंगाच्या आत."

दुसरीवर, "दोन फुलं. मॅडमना फुरसत नाही. पुढच्या साली."

तिसरी नसरीननं आधी मनातच वाचली. मी म्हटलं, वाच. "मॅडमना सांगितलं. हाव म्हणाल्या."

मामा, तुमच्या हावचा अर्थ होता, टाकणार नाही. माझ्या हावचा होता, येणार नाही. मी चष्मा पुसायचं निमित्त करून उठले. नसरीन गुणाची पोरगी, पेपरातली बातमी वाचत बसली.

काल रविवारी आम्ही दोघी गेलो. दुसरा नाला, माळ, हिवर. एकटाच उभा आहे तो, तुम्ही म्हटल्यासारखा. पावलं मोजत गेलो तर चाळिसाव्या पावलाला निवडुंगाभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण! ताजं घातलेलं. मी हात घालणार, तोच मागून आवाज आला, "ए बाई, कोन पायजे?"

शेळ्या राखणारी म्हातारी. कोंडाबाई. तुम्ही तिला आक्का म्हणत होता, हे मला तिथं कळलं.

नसरीन म्हणाली, "आक्का, जब्बारचाचाची लेक मी."

"चाचा यंदा आलं न्हाईत," ती म्हणाली. नसरीननं तुम्ही गेल्याचं सांगितलं. कोंडाबाई होती तिथंच खाली बसली, कपाळाला हात लावून. "आगं माय," एवढंच म्हणाली. शेळ्या पांगल्या तरी तिनं वर बघितलं नाही. मग माझ्याकडं वळली.

"मग तुमी त्या मॅडम का?"

"हो."

"लई येळ लावलाव बाई."

खालमानेनं उभी राहिले. तिनं काठीनं बोराटी बाजूला केली. आणि मामा, तो होता! हिरवट पांढरा, वरची जाळी जांभळी, काट्यांच्या मधोमध दिवसाढवळ्या लावून ठेवलेला कंदील. मी गुडघे टेकले, भिंग लावलं. फुगीर बुडावर ऊन पडलं होतं, आतून एक काळा ठिपका हलला. माशी होती आत! मी एवढ्या जोरात "मामा" म्हटलं की नसरीन दचकली.

"ल्हानपनी आमी ह्याचा कांदा उकरून खायचो," कोंडाबाई सांगत होती. "बटाट्यावानी लागतोय. ह्या माळावर लई हुते. खाऊन खाऊन सरले. चाचा म्हनले, आक्का, येवडा ठिव, आमच्या मॅडम यायच्या हायत. म्हून ठिवला. दरसाल म्हनायचे, यंदा न्हाई जमलं त्यास्नी, पुढच्या साली येतेत. मी आपली काटी घालून बसले." मग कमरेचं खुरपं काढून तिनं सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आता बगितलाव न्हवं? मग उकरू का?"

थट्टा करत होती की खरंच विचारत होती, अजून कळलेलं नाही. पण माझ्या तोंडून माझ्या गावची, उमरीची बोली बाहेर पडली, जी मी कॉलेजात लागल्यापासून गुंडाळून ठेवली होती. "नगं आक्का! आजून पोरं यायची हायत."

"कवा?"

"मंगळवारी."

"आन मंग?"

"मंग... पुढच्या साली दुसरी पोरं."

तिनं खुरपं कमरेला खोचलं, बोराटी पुन्हा सारखी केली. "म्हंजे हे सरायचंच न्हाई तर," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

परत येताना एसटीत मी तेच घोळवत बसले. मी पहिल्याच वर्षी आले असते, फोटो काढून गेले असते, तर तुमच्यापाशी कोंडाबाईला सांगायला काय उरलं असतं? माझी वाट बघण्यात तो वेल वाचला. याला सबब म्हणून वापरणार नाही, घाबरू नका. ती दोन वेण्यांची पोरगी शाळा सोडून केव्हाच गेली. कुठं दिली, काय करते, कुणाला माहीत नाही. मी त्या शाळेच्या गुरुजींना विचारलं. तिचा जित्ता कंदील राहिला तो राहिलाच. आणि तुम्ही माझ्या शेजारी गुडघे टेकून "बगा, म्हनलं न्हवतं?" म्हणायला हवे होता, तेही राहिलं.

आज दिवसभर एक काम केलं. वाळल्या झाडावरचं जुनं लेबल फाडायचं नसतं, तुम्हाला माहीतच आहे. चूक असली तरी राहू द्यायची आणि खाली दुरुस्तीचं नवं लेबल लावायचं. तसं कंदिलाला लावलं. कपाटातल्या बाकीच्या सगळ्या झाडांनाही आता एकेक करून लावणार. जागा लेबलावर लिहिली नाही, नाही तर लोक कांदा उकरायला जातील. तुमची पेपराची कड पाकिटात घालून सोबत ठेवली आहे. ज्याला वाचता येईल तो वाचेल. मी नसरीनकडून शिकते आहे, दुसरीच्या वहीत गिरवते आहे. पहिला शब्द तुमचं नावच घेतलं: जीम, बे, अलिफ, रे. बेचा ठिपका मी वर दिला, तर तुमची लेक म्हणते, "मॅडम, खाली, खाली!" अगदी तुमच्यासारखं, न रागावता.

आता शब्द देते, मामा. दर भादव्यात मी पोरं घेऊन त्या माळावर जाईन. उद्या त्याच शाळेची, पुढच्या साली माझ्या उमरीची, त्यानंतर आणखी कुठली. जाताना नोंदवही पोरांच्या हातात देईन, आणि ज्यानं झाड पाहिलं त्याचंच नाव त्याच्या अक्षरात, कुठल्याही लिपीत, राहील. गुडघे थकले तर नसरीन नेईल, तिनं कबूल केलंय. आणि कोंडाबाईनं खुरपं काढून विचारलं की झालं का सगळ्यांचं बघून, तर तिला दरसाल एकच सांगायचं, आक्का, आजून कुनीतरी यायचं हाय.

हाव म्हणते आहे. या वेळी तुमच्यातलं हाव.

उशिरा पोचलेली,
तुमची मॅडम
सुनंदा

कंदीलपुष्प, दुरुस्ती लेबल
संकलक : शेख जब्बार
लेबल लिहिणार : सुनंदा